हृदयाला जेलचं इंजेक्शन : भिंत जाड केली की भागतं का?

“पप्पांचं पंपिंग किती हाय ओ?” कोल्हापुरात कुठल्याही हॉस्पिटलच्या हृदयविभागाबाहेर थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. स्टेंट किती घातले, बिल किती झालं, योजनेत बसतंय का, हे सगळं नंतर. आधी पंपिंग. आतून कुणी ‘पस्तीस’ म्हणालं की घरच्यांचे चेहरे पडतात. पस्तीस म्हणजे कसंबसं काठावर पास, असा मनातल्या मनात हिशोब झालेला असतो.

तो हिशोब आधी दुरुस्त करू. पंपिंगचा आकडा शंभरपैकी गुण नव्हेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो. तो भरलेला असताना त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त आहे आणि एका ठोक्यात त्यातलं ७० मिलिलिटर बाहेर गेलं, तर पंपिंग झालं साधारण ५८ टक्के. निरोगी माणसाचा कप्पाही कधी पूर्ण रिकामा होत नाही. ५५ ते ७० म्हणजे उत्तम. त्यामुळे ३५ हे कमी आहे, काळजीचं आहे, पण ‘हृदयाचा तिसरा हिस्साच शिल्लक राहिला’ असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा प्रश्न लगेच येतो : “मग वाढंल का?” आणि हल्ली त्याच्या पाठोपाठ मोबाइल पुढे येतो. त्यावर एक बातमी असते : हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयात जेल टोचायचं, हृदय दुरुस्त. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून ओळखीपाळखीचे लोक हे फॉरवर्ड माझ्याकडे पाठवतात. बातमी खोटी नसते. जगातल्या चांगल्या प्रयोगशाळा वीसेक वर्षं या कामात गुंतल्या आहेत, माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत. पण ‘दुरुस्त’ या एका शब्दात फार काही दडपून भरलेलं असतं. जेल नक्की काय करतं, कुठं अडलं आणि आज कुठवर आलंय, ते नीट पाहू.

मेलेला स्नायू परत का येत नाही

झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त देणाऱ्या रक्तवाहिनीत, म्हणजे करोनरीत, आधीपासून साचलेला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. रक्त थांबतं. साधारण २० मिनिटांनंतर पुढच्या भागातल्या स्नायूपेशी मरायला लागतात. सुरुवात भिंतीच्या आतल्या थरापासून होते आणि मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकत जातं. या सरकण्याला काही तास लागतात. म्हणून तर त्या तासांत वाहिनी उघडली की बाहेरचा थर वाचतो. मोठ्या झटक्यात डाव्या कप्प्यातल्या सुमारे १ अब्ज पेशी जाऊ शकतात. त्या कप्प्यात एकूण २ ते ४ अब्ज पेशी असतात, यावरून नुकसानीचा अंदाज यावा.

कातडी भरून येते, यकृत तर कापलं तरी वाढतं, मग हृदय का नाही? याचं उत्तर ज्या मार्गाने मिळालं तो मला फार आवडतो, म्हणून थोडं आडवळण घेतो. १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतलं कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन पिकात जातो, पिकातून आपल्या ताटात, आणि तिथून नव्याने बनणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये. म्हणजे पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने ही खूण वापरून माणसाच्या हृदयपेशींचं वय काढलं. २००९ मध्ये निष्कर्ष आला : विशीच्या मध्यात हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. जन्मभरात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत.

या वेगाने अब्जभर पेशींची भरपाई होणं शक्य नाही. शरीर मग दुसरा उपाय करतं. आधी पांढऱ्या पेशी येऊन मेलेला माल उचलतात. त्यांच्या मागून मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, त्या सफाईही करतात आणि पुढच्या बांधकामाचे हुकूमही सोडतात. शेवटी फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे चिवट धागे विणतात आणि सहा ते आठ आठवड्यांत तिथे पक्का वण तयार होतो. या वणाला नावं ठेवू नयेत. तो वेळेत धरला नाही तर पहिल्याच आठवड्यात भिंत फाटून माणूस जाऊ शकतो. अडचण एवढीच की वण आकुंचन पावत नाही. दिवसाला लाखभर ठोके पडत असताना तो नुसता ताणला जातो.

लाप्लासचं सूत्र

इथे एक सूत्र देतो, कारण पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने ते ओळखलं जातं. कप्प्याच्या भिंतीवरचा ताण म्हणजे आतला दाब गुणिले कप्प्याची त्रिज्या, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट.

समजा झटक्याआधी त्रिज्या २५ मिलिमीटर आणि भिंत १० मिलिमीटर जाड होती. झटक्यानंतर त्या भागातली भिंत ६ मिलिमीटरवर आली आणि कप्पा पसरून त्रिज्या ३२ झाली. दाब तेवढाच धरला तर ताण दुपटीहून जास्त होतो. हा ताण एकट्या वणावर येत नाही. शेजारच्या जिवंत स्नायूलाही तो सोसावा लागतो. तो थकतो, त्यातल्या काही पेशी मरतात, कप्पा आणखी पसरतो, त्रिज्या वाढते, ताण आणखी वाढतो. झटक्यातून सुखरूप घरी आलेला माणूस वर्षा-दोन वर्षांनी जिना चढताना धापा टाकायला लागतो, पायावर सूज येते, त्यामागे अनेकदा हेच चक्र असतं. नवा ब्लॉक झालेला असेलच असं नाही.

आता जेलची कल्पना सरळ दिसेल. पातळ झालेल्या भिंतीत काहीतरी भरून ती जाड करा, ताण उतरेल, चक्र थांबेल. २००६ मध्ये संशोधकांनी संगणकावरच्या डाव्या कप्प्याच्या प्रतिकृतीत हे करून पाहिलं. भिंतीच्या आकारमानाच्या ४.५ टक्के इतकाच पदार्थ, तोही स्नायूच्या पाचव्या हिश्शाइतकाच कडक, वणाच्या कडेला भरला तर स्नायूतंतूंवरचा ताण २० टक्क्यांनी उतरतो, असं गणित निघालं. एवढ्याशा भरावाने एवढा फरक म्हटल्यावर अनेक प्रयोगशाळांना हुरूप आला यात नवल नाही.

भरायचं काय? हायड्रोजेल, म्हणजे लांबलचक रेणूंचं पाणी धरून ठेवणारं जाळं. त्याची एकच अट पण अवघड : सिरिंजमधून जाताना पातळ, आत गेल्यावर घट्ट. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता पाक ओततात आणि गार होईल तसा तो आळतो, ढेप होते. यातली बरीच जेल नेमकी उलटी वागतात. बाहेर गार असताना पातळ, शरीराच्या ३७ अंशांना पोचली की आळतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसनची काही मिश्रणं अशी आहेत. काहींना उष्णतेऐवजी कॅल्शियम लागतं. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारं अल्जिनेट त्यातलं. दातांचं माप घेताना दंतवैद्य तोंडात जो गिलावा भरतात, तोही बहुधा अल्जिनेटचाच असतो. रक्त गोठताना बनणारं फायब्रिन, कोलॅजेन, हायल्युरॉनिक ॲसिड हेही वापरून झालंय.

ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली नळी जवळपास मीटरभर लांब असते आणि तीही ३७ अंशांच्या रक्तातच पडलेली असते. जेल नळीतच आळलं तर काम खलास. आळायला उशीर लागला तर ते टोचलेल्या भोकातून परत कप्प्यात येऊन रक्तासोबत मेंदूकडे जाण्याची भीती. आणि जेलची गादी वणाच्या कडेला विजेच्या वाटेत आडवी आली तर ठोक्यांची लय बिघडू शकते, हीही शंका असतेच.

अल्जिनेट : एक हुरूप, एक चपराक

माणसांपर्यंत सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर पोचलं ते अल्जिनेट, आणि दोन निरनिराळ्या वाटांनी.

पहिली वाट थेट छातीतून. हृदय जुनं थकलेलं, कप्पा पसरलेला, अशा रुग्णांच्या बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन, धडधडत्या हृदयाच्या भिंतीत ओळीने अल्जिनेटची इंजेक्शनं द्यायची. ऑगमेंट-एचएफ नावाच्या चाचणीत ७८ रुग्ण होते. ज्यांना जेल मिळालं त्यांची श्रम करताना ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सहा महिन्यांनी सुधारलेली दिसली. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या ३५ जणांपैकी ३ जण पहिल्या ३० दिवसांत दगावले. आधीच कमकुवत हृदय, त्यावर छाती उघडायची, हा सौदा महागच. चाचणी लहान होती, आणि कुणाला जेल मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, तेव्हा चालण्या-दमण्याच्या मोजमापावर त्या जाणिवेचाही परिणाम झाला असणार, असं मला वाटतं.

दुसरी वाट जास्त चतुर होती. इस्राएलमधल्या संशोधकांनी असं अल्जिनेट बनवलं जे पातळच राहील, पण झटका बसलेल्या भागात पोचलं की तिथे मरणाऱ्या पेशींतून सुटलेल्या कॅल्शियममुळे आळेल. म्हणजे सुई टोचायलाच नको. अँजिओप्लास्टी झालेल्या त्याच वाहिनीतून ते सोडायचं. झटका बसलेल्या भागातल्या बारीक वाहिन्या गळक्या झालेल्या असतात, तिथून ते झिरपून बाहेर पडणार आणि नेमकं पाहिजे तिथे घट्ट होणार. प्राण्यांत सुंदर निकाल आले. २७ रुग्णांत ते सुरक्षित दिसलं. मग प्रिझर्व्हेशन-१ ही मोठी चाचणी झाली. ३०३ रुग्ण, अँजिओप्लास्टीनंतर दोन ते पाच दिवसांत जेल किंवा नुसतं सलाइन, आणि कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नाही.

सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे कप्पे मोजले. फरक नाही. २०१६ मध्ये हे जाहीर झालं.

ही चाचणी फॉरवर्डमध्ये कधीच नसते, आणि मला तर वाटतं या विषयात सर्वांत जास्त शिकवणारी तीच आहे. खरं तर इशारा आधीच मिळालेला होता. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॅरन क्रिस्टमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर मुद्दाम एक निर्जीव, शरीराशी काहीही न बोलणारं, न विरघळणारं जेल वापरून पाहिलं होतं. भिंत जाड झाली. कप्पा तरीही पसरतच गेला. लाप्लासचं सूत्र चुकलं नव्हतं, पण जिवंत हृदयात ते एकटं पुरत नाही. त्या भिंतीत मॅक्रोफेज काय हुकूम सोडतात, फायब्रोब्लास्ट किती कोलॅजेन विणतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात की नाही, कडेच्या पेशी जगतात की मरतात, यावर पुढचं ठरतं. भराव टाकून ही बोलणी बदलत नाहीत.

डुकराच्या हृदयातून धुऊन काढलेलं जाळं

म्हणून याच प्रयोगशाळेने वेगळा कच्चा माल निवडला होता : खुद्द हृदयाचंच जाळं. आपल्या प्रत्येक अवयवात पेशींच्या अवतीभवती प्रथिनांचं आणि साखरेच्या साखळ्यांचं जाळं असतं. पेशींना ते नुसता आधार देत नाही, तर वाढ, थांब, इकडे सरक, अशा रासायनिक खुणाही देतं. डुकराच्या हृदयाचा स्नायू बारीक कापायचा, साबणासारख्या डिटर्जंटच्या द्रावणात दिवसेंदिवस ढवळत ठेवायचा, म्हणजे पेशी धुऊन जातात आणि पांढरं जाळं उरतं. ते वाळवून दळायचं, आपल्या जठरातही असतं त्या पेप्सिनने अर्धवट पचवायचं, की द्रवरूप होतं. शरीरात टोचलं की ते पुन्हा धागे जुळवून जेल बनतं. पेशी निघून गेलेल्या असल्यामुळे शरीर ते परकं म्हणून झिडकारत नाही. काही आठवड्यांत ते विरघळूनही जातं, तोवर खुणा देऊन झालेल्या असतात.

डुक्कर म्हटल्यावर काही घरांत कपाळाला आठ्या पडतात, ते मी समजू शकतो. पण झटका आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला रक्त पातळ ठेवायला जे हेपरिन देतात, ते बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यातूनच काढलेलं असतं. डुकराच्या झडपाही कित्येक वर्षं माणसांत बसवल्या जात आहेत. आणि हे तंत्र काही परदेशातच अडकलेलं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून याच पद्धतीने पेशी धुऊन काढलेलं जाळं कातडीच्या जखमांसाठी बनवलं आहे आणि २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आपल्या कसबा बावड्यातही, डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात, स्टेम सेल (म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात) आणि पुनर्जनन वैद्यकाचा विभाग आहे. म्हणजे ही भाषा बोलणारी माणसं कोल्हापुरातही आहेत.

डुकराच्या हृदयातल्या त्या जाळ्याचं नाव व्हेंट्रिजेल. माणसांवरची पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त १५. झटका येऊन दोन महिने ते तीन वर्षं झालेली, पंपिंग २५ ते ४५ च्या मधलं. मांडीतून नळी डाव्या कप्प्यात नेऊन, कप्प्याचा विद्युत-नकाशा काढत, आतल्या बाजूने भिंतीत जास्तीत जास्त १८ ठिकाणी इंजेक्शनं दिली. जेलमुळे गंभीर घोटाळा झाला नाही. सहा मिनिटांत रुग्ण जास्त अंतर चालू लागले. आणि ज्यांच्या झटक्याला वर्ष उलटून गेलं होतं, त्यांच्यात कप्पा आकसण्याची चिन्हं जास्त दिसली. ही बाब अनपेक्षित, म्हणून लक्षात ठेवण्याजोगी. पण तुलनेला जेल न दिलेला गट नव्हता. तेव्हा ‘सुरक्षित दिसतं, पुढे जायला हरकत नाही’ एवढंच यातून म्हणता येतं. ‘काम करतं’ म्हणायला मोठी चाचणी लागेल, जशी अल्जिनेटची झाली, आणि ती काय उत्तर देईल हे आधीच ठरवून चालत नाही.

त्याच प्रयोगशाळेने नंतर आणखी एक पाऊल टाकलं. द्रवातले जाडे कण गाळून काढून अतिसूक्ष्म भाग तेवढा ठेवला. आता तो रक्तातूनच देता येतो. उंदीर आणि डुकरांत दिसलं ते असं : झटक्याने गळक्या झालेल्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात, पेशींमध्ये पडलेल्या फटींना जाऊन हे कण चिकटतात, फटी बुजवतात आणि सूज उतरवायला मदत करतात. दोन-तीन दिवसांत विरघळतात. इथे तर भिंत जाड करण्याचा विषयच सुटला. सुरुवात जिथून झाली ती कल्पना मागे पडली आणि जखमेच्या पहिल्या काही दिवसांची सूज हाताळणं हे लक्ष्य झालं. माझ्या मते आजवरच्या वाटेतलं हे सर्वांत अर्थपूर्ण वळण. माणसांतली परीक्षा मात्र अजून बाकी आहे.

स्टेम सेलबद्दल विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. नुसत्या पेशी हृदयात टोचल्या की बहुतेक वाहून जातात किंवा मरतात. जेलमध्ये धरून दिल्या तर जास्त टिकतात, म्हणून दोन्ही एकत्र करण्याचे प्रयोग चालू आहेत. पण या क्षेत्राचा इतिहास डागाळलेला आहे. हृदयात स्टेम सेल असतात आणि त्यांतून नवा स्नायू होतो, असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या पिएरो अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे तब्बल ३१ निबंध मागे घ्यावेत, असं २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने सांगितलं. त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती होती.

तीन इंजेक्शनं आणि एक गोळी

लोकांचा एक गोंधळ मला वारंवार दिसतो. “आमच्या गावच्या दवाखान्यात पण हृदयाचं इंजेक्शन दिलं की” असं सांगतात. ते वेगळं. छातीत कळ आल्यावर तालुक्याच्या ठिकाणी देतात ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज. वाहिनी उघडण्यासाठी. ते आज उपलब्ध आहे आणि जीव वाचवतं. स्टेम सेलचं वेगळं. जेलचं तिसरं, आणि ते अजून कुठल्याच दुकानात नाही.

पहिल्या इंजेक्शनाचं महत्त्व आपल्या जिल्ह्यात विशेष. भारतातल्या ८९ हॉस्पिटलांतल्या वीस हजारांवर रुग्णांच्या क्रिएट या नोंदणीत (२००८) दिसलं होतं की कळ आल्यापासून हॉस्पिटलात पोचायला निम्म्या रुग्णांना ३६० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागत होता. सहा तास! त्या वेळात आतल्या थरातून निघालेलं मरण बाहेरच्या थरापर्यंत पोचलेलं असतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आणि शंभर किलोमीटरवरचं चंदगड इथल्या माणसाला कोल्हापूर गाठायलाच वेळ लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पंचगंगेच्या पाण्याने महामार्गच बंद होता. अशा वेळी ‘ॲसिडिटी असंल, सोडा पिऊन बघू’ यात गेलेला तास कुठलंच जेल भरून देणार नाही. १०८ ला फोन करायचा, जवळच्या ठिकाणी ईसीजी काढायचा, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घ्यायचं आणि मग अँजिओग्राफीसाठी पुढे यायचं. वण जितका लहान, तितकी लाप्लासच्या सूत्रातली त्रिज्या कमी वाढते.

आता गोळी. सूत्रात तीन गोष्टी होत्या : दाब, त्रिज्या, जाडी. जेलवाले जाडीच्या मागे लागले. दाबाच्या मागे लागणारे त्यांच्या कितीतरी आधी पोचले. १९९२ मध्ये सेव्ह या चाचणीचे निकाल आले. झटका येऊन ३ ते १६ दिवस झालेले, पंपिंग ४० किंवा त्याखाली असलेले २,२३१ रुग्ण. निम्म्यांना कॅप्टोप्रिल नावाची गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची. सरासरी साडेतीन वर्षांत बिनऔषधाच्या गटातले २५ टक्के गेले, गोळी घेणाऱ्यांतले २० टक्के. गोळी दाब उतरवते, शिवाय वण आणि शेजारच्या स्नायूत चाललेली रासायनिक बोलणीही बदलते. म्हणजे जेलकडून आपण ज्याची आशा धरून आहोत, त्यातलं बरंच काही एक स्वस्त गोळी तीस वर्षांहून जास्त काळ करून दाखवते आहे.

त्यानंतर आणखी गट आले : बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, आणि मधुमेहासाठी आलेली पण हृदयालाही उपयोगी ठरलेली डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन. योग्य जोडी बसली तर काही महिन्यांत ३० चं पंपिंग ४० च्या पुढे गेलेलं आपल्याच हॉस्पिटलांत दिसतं. आणि नेमकं तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो. “बरं वाटतंय की, आता कशाला?” बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे, दादा. पांढरा रस्सा आठवड्याला वाटीभर कमी झाला, मीठ आवरलं, तंबाखू सुटली, तर गोळ्यांना आणखी हात मिळतो. पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

उद्या कुणी तुम्हाला ‘हृदयाचं जेल’ किंवा ‘स्टेम सेलनं पंपिंग वाढवून देतो’ म्हणालं आणि काही लाखांचा आकडा सांगितला, तर थांबा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. जेलचंही तेच, ते अजून चाचणीच्या टप्प्यातलं आहे. चाचणीतलं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांत आहे. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक असतो, त्यात वर्ष आणि महिनाही लिहिलेला असतो. तो मागून घ्या आणि संकेतस्थळावर घाला. चाचणी कशाची आहे, कुठल्या केंद्रांवर चालू आहे, किती रुग्ण घेणार आहेत, हे सगळं फुकट वाचायला मिळतं. संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीतच मागा. ते घरी न्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवा, आणि मग सही करायची का ते ठरवा.